नागपुरात नवीन आलात? मग बस नाही, रस्ता पकडा

माझी मामेबहीण वडशाहून नर्सिंग करायला नागपूरला आली त्या वर्षीची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन, ताई मी बर्डीवर (सीताबर्डी, शहराचा मधला भाग) पाऊण तासापासून उभी आहे, माझी बस काही येऊनच नाही राहिली. म्हटलं जायचं कुठे आहे, तर म्हणे छत्रपती चौक. म्हटलं मग आतापर्यंत समोरून काय काय गेलं ते सांग, तर तिने सगळं नीट सांगितलं, बुटीबोरीची एक गेली, खापरीची गेली, मिहानच्या (विमानतळापलीकडचा कंपन्यांचा भाग) दोन गेल्या, पण होस्टेलच्या मुलींनी जी सांगितली होती ती नाही आली. अगं बाई, त्या चारही गाड्या वर्धा रोडने जातात आणि छत्रपती चौक वर्धा रोडवरच आहे! त्यातली कुठलीही घेतली असती तर ती अर्ध्या तासापूर्वीच खोलीवर पोचून जेवायला बसली असती.

चूक तिची नव्हती, कोणी तिला हे समजावूनच सांगितलं नव्हतं. मी कॉलेजपासून ह्याच बसने फिरते आहे आणि मला मनापासून वाटतं की नागपूरची बस नवीन माणसाला अवघड जाते ती फक्त ह्या एका गोष्टीमुळे. इथे दर पाच-दहा मिनिटाला मिळणारी सेवा एका नंबरच्या बसमध्ये शोधायची नसते, ती रस्त्यावर असते. एकेक रूटची बस कमी वेळा येते पण चार-पाच रूट मिळून एक रस्ता सारखा वाहत असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, कॉलेजसाठी आलेल्या पोरांसाठी, मिहान नाहीतर एमआयडीसीत नोकरी लागलेल्यांसाठी, आणि दवाखान्याच्या कामाने आलेल्या घरच्यांसाठी पण.

पायरी १ : आधी चाक डोक्यात बसवा

नागपूरचा नकाशा बंडीच्या चाकासारखा आहे. मधे सीताबर्डी, आणि तिथून चहूकडे निघालेले आरे. नुसतं बर्डी म्हणायचं, इथे सीताबर्डी कोणी पूर्ण म्हणत नाही. दक्षिणेला वर्धा रोड, म्हणजे अजनी चौक, छत्रपती चौक, विमानतळ, खापरी आणि पुढे बुटीबोरी. नैऋत्येला हिंगणा रोड, एमआयडीसीचा. पश्चिमेला अमरावती रोड, वाडीकडे. वायव्येला काटोल रोड. उत्तरेला कोराडी रोड, ईशान्येला कामठी रोड, म्हणजे इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान. पूर्वेला भंडारा रोड, पारडीचा. आग्नेयेला उमरेड रोड, सक्करदरा-दिघोरीकडचा. एवढे आठ आरे पाठ केले की अर्धं काम झालं.

आता तुमची खोली आणि तुमचं कॉलेज किंवा ऑफिस ह्यातलं कोणतं कोणत्या आऱ्यावर आहे ते एका कागदावर लिहा. दोन्ही एकाच आऱ्यावर असेल तर तुम्ही नशीबवान, एका बसचं काम. वेगवेगळ्या आऱ्यावर असेल तर बहुतेक वेळा बर्डीला येऊन बदलावं लागेल, आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका. सरळ जाणारी एकच बस शोधत बसण्यापेक्षा दोन भरपूर वाहत्या रस्त्यांवर एकदा बदलून जाणं जास्त लवकर होतं, हे मी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे.

पत्ता लिहिताना चौक लिहा. नागपुरात गल्ली, प्लॉट नंबर, सोसायटी हे सगळं नंतर, आधी चौक. कंडक्टरला तुमच्या अपार्टमेंटचं नाव माहीत नसणार पण चौक सांगितला की तो नेमका उतरवून देईल.

दवाखान्यासाठी आलेल्यांना एक खास सांगायचंय कारण ही गफलत रोज होते. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ते अजनीच्या बाजूला. मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ते रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला सेंट्रल ॲव्हेन्यूकडे. आणि एम्स हे तिसरंच, ते पार मिहानला. तिन्ही सरकारी, तिन्ही मोठे, तिन्ही वेगळ्या दिशेला. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट वाचून मगच बस पकडा, पेशंट सोबत असताना उलट्या टोकाला जाऊन परत येणं फार जिवावर येतं हो.

पायरी २ : रस्ता पकडा

आता हिशोब पाहा. समजा एका रस्त्यावरून तीन रूट जातात आणि प्रत्येकाची बस अर्ध्या तासाला एक. तुम्ही एकाच रूटसाठी अडून बसलात तर अर्ध्या तासाला एक बस. तिन्ही चालत असतील तर तासाला सहा, म्हणजे सरासरी दहा मिनिटाला एक. बस त्याच, रस्ता तोच, ड्रायव्हरही तेच, फक्त तुम्ही प्रश्न कसा विचारता त्यावर वीस मिनिटांपर्यंत वेळ वाचतो.

म्हणून स्टॉपवर विचारताना "अमुक नंबरची कधी येते" असं नका विचारू. "छत्रपती चौकातून कोणती जाते" असं विचारा. आणि बसच्या दाराशी कंडक्टरला तर नेहमी असंच विचारायचं, दादा, इंदोऱ्यावरून जाते का? शेवटचं ठिकाण काय आहे ह्याच्याशी तुम्हाला काय करायचंय, तुम्ही मधेच उतरणार आहात. बोर्डावर पण शेवटच्या गावापेक्षा व्हायाची ओळ महत्त्वाची, तीच वाचायची सवय लावा.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. आऱ्यावर जितकं बर्डीच्या जवळ तितक्या बस जास्त, जितकं दूर तितक्या कमी, कारण वाटेत एकेक रूट वळून जातो. अजनी चौकात उभं राहिलात तर काही ना काही येतच राहतं, पण बुटीबोरीला जायचं असेल तर बुटीबोरीचीच पाहिजे आणि तिची वाट पाहावीच लागेल. खोली भाड्याने घेताना हे आधी बघा, मी तर म्हणेन भाडं पाहण्याआधी बघा. मेन रोडपासून दहा मिनिटं पायी आणि शहराच्या आतल्या भागात असलेली साधी खोली ही आऱ्याच्या टोकावरच्या मोठ्या खोलीपेक्षा विद्यार्थ्याला कितीतरी सोयीची पडते, रोजचा दीड तास वाचतो तो अभ्यासाला मिळतो.

हिंगणा रोडला जाणाऱ्यांनी अजून एक विचारून घ्यायचं. तिकडे जायला अंबाझरीकडून पण रस्ता आहे आणि प्रतापनगर-माटे चौकाकडून पण, त्यामुळे बोर्डावर हिंगणा लिहिलेलं असलं तरी गाडी कोणत्या बाजूने जाणार हे चढायच्या आधी कन्फर्म करा. तसंच वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा तो डबलडेकर पूल आहे, खाली रस्ता, मधे फ्लायओव्हर, सगळ्यात वर मेट्रो, २०२२ मध्ये त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. आणि कामठी रोडवर पण २०२४ पासून तसाच एक सुरू झाला, एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक, साडेपाच किलोमीटरपेक्षा लांब. फ्लायओव्हरवर स्टॉप नसतात. म्हणून ह्या दोन्ही रस्त्यांवर मधल्या चौकात उतरायचं असेल तर आधीच विचारा, दादा, खालून जाते की वरून.

पायरी ३ : हे असं का आहे ते जरा समजून घ्या

हे वाचायचं नसेल तर पुढच्या पायरीवर जा, पण मला वाटतं वाचावं, कारण इतिहास कळला की बसवर राग कमी येतो आणि वापर जास्त होतो.

नागपूर इंग्रजांच्या काळात मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं आणि इथली सरकारी बससेवा मुंबईच्या एसटीपेक्षा वेगळी, प्रांताची स्वतःची होती. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये आजचं एसटी महामंडळ तयार झालं तेव्हा मराठवाड्याची आणि आपल्या विदर्भाची अशा दोन्ही बससेवा त्यात मिसळल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं नागपूर शहरातली बस एसटीच चालवायची. माझे वडील अजूनही शहर बसला एसटीच म्हणतात, आमच्या मोहल्ल्यातली सगळी म्हातारी माणसं तेच म्हणतात.

एसटीचा मूळ पिंड गावं जोडायचा. एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी पोचली की काम झालं, तिथे दिवसातून चार फेऱ्या पण पुष्कळ. शहराला मात्र चार फेऱ्या चालत नाहीत, शहरात माणसाला वेळापत्रक न बघता निघता आलं पाहिजे. म्हणून बर्डीतून निघून कामठी, कन्हान, हिंगणा, बुटीबोरी, कोराडी अशा आजूबाजूच्या गावांना जाणारे लांब रूट हा नागपूरच्या शहर बसचा कणा आहे आणि त्यांच्या मधल्या भागात शहराची गर्दी चढते-उतरते. चाकाचा आकार तोच आहे.

२००७ मध्ये शहर बस महापालिकेकडे आली आणि ठेकेदारामार्फत स्टारबस धावायला लागली. स्टारबस हे खरं तर गाडीच्या मॉडेलचं नाव, पण नागपुरात ते बसचंच नाव झालं, आजही तुम्हाला कोणी सांगेल, स्टारबसने ये. मग २०१४ मध्ये इथे देशातली पहिली इथेनॉलवरची बस आली, हिरवी, एसी असलेली, तिच्या काही गाड्या शहरात फिरल्या आणि पुढे बंद झाल्या, मला फार वाईट वाटलं होतं. २०१७ च्या आसपास महापालिकेने नवीन व्यवस्था बसवली तिचं नाव आपली बस, तीच आज चालू आहे. २०२० मध्ये महिलांसाठी तेजस्विनी नावाच्या इलेक्ट्रिक बस आल्या.

ह्यातला एक फरक प्रवाशाने समजून घेण्यासारखा आहे. बस चालवायला देण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत ठेकेदार तिकिटाचे पैसे स्वतः ठेवतो, म्हणजे त्याचा सगळा जीव गर्दीत, जिथे माणसं जास्त तिथे गाडी थांबवून भरायची आणि रिकाम्या वेळी फेरी काढायचीच नाही असा मोह होतो. दुसरीत तिकिटाचे पैसे महापालिकेकडे जातात आणि ठेकेदाराला गाडी किती किलोमीटर धावली त्यावर पैसे मिळतात, मग माणसं भरलेली असोत की नसोत गाडी धावली पाहिजे. आपली बस ह्या दुसऱ्या पद्धतीची. म्हणून दुपारी दोन वाजता पण अर्धी रिकामी गाडी तुमच्यासमोरून जाताना दिसते. लोक म्हणतात पैसे वाया घालवून राहिले, पण ती रिकामी दिसणारी फेरी आहे म्हणूनच दुपारी लेक्चर संपलेल्या पोरीला घरी जाता येतं. तिला वाया गेलेली म्हणणं मला पटत नाही.

पायरी ४ : बर्डीवर नेमकं कुठे उभं राहायचं

बाहेरगावाहून येताना तुम्ही बहुतेक गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरला असाल. ते एसटीचं मोठं स्टँड. शहर बसचं मुख्य ठिकाण ते नाही. बर्डीला झाशी राणी चौकाजवळ मोरभवन आहे, तिथून शहर बस पण सुटतात आणि जवळपासच्या गावांच्या एसटी पण. आणि दोन्ही लाल! म्हणून रंगावर जाऊ नका, गाडीवर काय लिहिलंय ते वाचा.

हा फरक पैशाच्या दृष्टीने पण महत्त्वाचा आहे. एसटीमध्ये मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरच्या वरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून फुकट आहे, पण ती एसटी महामंडळाची योजना. आपली बस महापालिकेची. मोरभवनवर एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूच्या गाडीत चढलं की नियम बदलतात, आणि मग कंडक्टरशी वाद होतात, मी किती तरी बायकांना ह्यावरून भांडताना पाहिलंय, आणि दोघांचंही चुकत नसतं. विद्यार्थी असाल तर पासची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा, कॉलेजचं बोनाफाईड आणि फोटो हाताशी ठेवा.

मोरभवनबद्दल पावसाळ्याची एक सूचना. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि मोरभवनच्या आवारात उभ्या असलेल्या बसेस पाण्यात गेल्या. रात्रभर जोरात पाऊस पडला असेल तर सकाळी सरळ मोरभवनला जाऊ नका, आपल्या जवळच्या मेन रोडच्या चौकातूनच गाडी पकडायचा प्रयत्न करा.

बाकी चौकातल्या स्टॉपचं एकच सांगते, एका चौकात स्टॉप एक नसतो. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी वेगळा असतो, आणि जायचा एका बाजूला तर यायचा दुसऱ्या बाजूला. पाटी दिसली नाही तर पानठेल्यावाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं, कोणती गाडी किती वाजता गेली ते पण.

पायरी ५ : चढणं, तिकीट, उतरणं

सुट्टे पैसे ठेवा. सकाळी सकाळी पाचशेची नोट काढली की कंडक्टरचा पण दिवस खराब आणि तुमचा पण. चढल्यावर दारात उभं राहू नका, आत सरका. तिकीट उतरेपर्यंत सांभाळा, मधेच चेकर चढतात. उतरायच्या एक चौक आधी दाराकडे सरकायला लागा, गर्दीत शेवटच्या मिनिटाला जमत नाही. एवढंच.

पायरी ६ : दोन बस एकदम का येतात, आणि तेव्हा काय करायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. अर्धा तास काहीच नाही आणि मग एकामागोमाग दोन. लोकांना वाटतं ड्रायव्हर लोक गप्पा मारत थांबले असतील. तसं नसतं हो.

डेपोतून दोन्ही गाड्या बरोबर दहा मिनिटांच्या अंतराने निघाल्या असं समजा. पहिलीला पंचशील चौकात सिग्नलने तीन मिनिटं जास्त अडवलं. आता पुढच्या स्टॉपवर तिची वाट पाहणारी माणसं तीन मिनिटांची जास्त जमलेली, ती चढायला वेळ लागतो, ती अजून उशीर होते, त्याच्या पुढच्या स्टॉपवर अजून जास्त माणसं. मागच्या गाडीला मात्र स्टॉपवर माणसंच कमी, कारण पुढचीने सगळी उचलली, म्हणून ती भराभर येते. असं करत करत दुसरी पहिलीला गाठते आणि मग शेवटपर्यंत दोघी सोबतच चालतात. कोणाचीच चूक नाही. बसची फेरी जितकी जास्त तितकं हे जास्त होतं, जगभर होतं.

ह्यात प्रवाशाचं किती नुकसान होतं पाहा. दर दहा मिनिटाला एक बस नीट आली तर वेळ न बघता स्टॉपवर जाणाऱ्याला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस दोन-दोनच्या जोडीने वीस मिनिटाला आल्या तर सरासरी दहा मिनिटं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, आणि थांबणं दुप्पट.

म्हणून तुम्ही काय करायचं? पहिली खचाखच भरून आली की तिच्या मागे बघा. मागे लगेच दुसरी दिसत असेल तर पहिली सोडा आणि दुसरीत आरामात बसा. तिच्यात जागा असणारच, वर सांगितलं त्याच कारणाने. आणि हे केल्याने पहिलीचा पण एक माणूस चढायचा वेळ वाचतो. फोनवर गाडी कुठे आहे ते ॲपमध्ये दिसत असेल तर नुसती पुढची बस नका पाहू, तिच्या मागची पण पाहा.

आणि फेऱ्या वाढवत का नाहीत, हे पण लोक विचारतात. त्याचा हिशोब साधा आहे. समजा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पन्नास मिनिटं लागतात, आणि दोन्ही टोकाला पाच-पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे एक पूर्ण चक्कर ११० मिनिटांची. दर दहा मिनिटाला बस पाहिजे असेल तर ह्या एका रूटवर अकरा गाड्या लागतात. वीस मिनिटाला चालत असेल तर सहा. आता रस्त्यावर कुठे पुलाचं काम निघालं, जाम लागला आणि तीच चक्कर १३० मिनिटांची झाली, तर अकरा गाड्यांत दहा मिनिटाला बस देताच येत नाही, तेरा लागतील. म्हणजे ट्रॅफिक जाममुळे आपण फक्त गाडीत जास्त वेळ बसत नाही, स्टॉपवरच्या फेऱ्या पण कमी होतात. ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४ मध्ये आणि कोलंबियाच्या बोगोटाने २००० मध्ये बसला वेगळी लेन दिली, आपल्याकडे अहमदाबादने २००९ मध्ये दिली, त्यामागे हेच गणित आहे, चक्कर लहान झाली की तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या वाढतात. स्टॉपच्या समोर स्कूटर नाहीतर कार लावू नका असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते ते ह्यासाठीच. बसला रस्त्याच्या मधे थांबावं लागलं की एक मिनिट गेलं, आणि अशी वीस मिनिटं गेली की अख्खी दोन गाड्यांची सेवा गेली.

पायरी ७ : मेट्रो आणि बस जोडून वापरा

नागपूर मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या टप्प्याचं सगळं काम डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण चालू झालं. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाइन प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, आणि दोन्ही बर्डीला एकमेकींना छेदतात. म्हणजे मेट्रोने पण तेच चाक धरलं, चार आरे.

ह्याचा उपयोग असा करायचा. बर्डी ते ऑटोमोटिव्ह चौक मेट्रोने जाऊन पुढे कामठी-कन्हानसाठी बस, बर्डी ते खापरी मेट्रोने आणि पुढे बुटीबोरीची बस, लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आणि पुढे हिंगणा. संध्याकाळी सहा ते आठ बर्डी तुंबलेली असते तेव्हा हे फार कामाचं आहे. पण मधल्याच चौकात जायचं असेल, तीन-चार किलोमीटरचं अंतर असेल, तर स्टेशनचे जिने चढणं-उतरणं धरून बसच लवकर पडते, आणि मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, वाडी ह्या बाजूंना तर आज बसच आहे.

दुसरा टप्पा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला, ४३.८ किलोमीटरचा, कन्हान, बुटीबोरी एमआयडीसी, हिंगणा आणि कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत. नावं नीट पाहा, ह्यातली पहिली तिन्ही म्हणजे बर्डीहून जाणाऱ्या जुन्या लांब बस रूटची टोकं आहेत. मेट्रो कुठे पाहिजे हे ह्या लाल गाड्यांमधल्या गर्दीने कितीतरी वर्षं आधीच दाखवून दिलं होतं, आणि मला ह्याचा खरंच अभिमान वाटतो.

पायरी ८ : वर्षातले वेगळे दिवस

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवतात, बर्डीचे रस्ते बंद होतात आणि गाड्या वळवतात. त्या दिवसांत बर्डीला बस बदलायचा बेत ठेवू नका, मेट्रोने बर्डी पार करा आणि पुढच्या चौकातून बस घ्या. परीक्षा असेल तर एक तास आधी निघा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची (वाईट गोष्टी घालवायला काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक असते, इतवारी-महालकडे त्या दिवशी बसचा भरवसा नको, पण मारबत मात्र पायी जाऊन नक्की पाहा, एवढी मोठी ती दुसरीकडे सहसा दिसणार नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, नवरात्रात कोराडीच्या देवीला रीघ लागते, आणि जामठ्याला स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असली की वर्धा रोड भरतो. अशा दिवशी जास्तीच्या गाड्या सोडतात पण त्या कुठून सुटणार ते आदल्या दिवशीच्या पेपरात पाहून घ्या.

पायरी ९ : शेवटची बस आणि ऊन

ज्या रूटने रोज जाल त्याची शेवटची बस किती वाजता ते पहिल्याच दिवशी सकाळी कंडक्टरला विचारा, रात्री स्टॉपवर उभं राहून नाही. रात्री आठनंतर वर सांगितलेला रस्ता पकडायचा नियम सैल होतो कारण एकेक रूट बंद व्हायला लागतो, तेव्हा मात्र नेमकी तुमचीच बस पाहिजे. मुलींनी अंधार पडल्यावर एकट्याने कोपऱ्यातल्या स्टॉपवर थांबू नये, चौकातल्या दुकानांच्या उजेडातल्या स्टॉपवर थांबावं, भले शंभर पावलं मागे चालत जावं लागलं तरी.

एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. दुपट्टा, पाण्याची बाटली आणि कांदा हे आमच्या आजीचं सांगणं, त्यातलं पहिलं-दुसरं तरी पाळा. स्टॉपला शेड नसेल तर झाडाच्या सावलीत उभं राहा, पण ड्रायव्हरला दिसाल असं, आणि गाडी दिसली की हात करा.

बसायची बाजू पण ठरवून घ्या. बर्डीहून वर्धा रोडने सकाळी जाताना गाडी दक्षिणेला जाते, ऊन पूर्वेकडून म्हणजे डावीकडून येतं. संध्याकाळी परत येताना गाडी उत्तरेला आणि ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डावीकडूनच. म्हणून वर्धा रोडला दोन्ही वेळा उजवीकडे बसायचं. कोराडीला बर्डीहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांनी ह्याच्या उलट, दोन्ही वेळा डावीकडे. माझ्या मामेबहिणीने मिहानकडच्या पोस्टिंगच्या काळात सगळ्यात आधी हेच पाठ केलं होतं, आणि आता तीच वडशाहून येणाऱ्या नवीन मुलींना बर्डीवर घ्यायला जाते.